परदेशात बाळंतपण: होणाऱ्या बाबाने काय काय सांभाळावे?

संध्याकाळची ओपीडी सुरू होती. आमच्या जुन्या पेशंट असलेल्या एक काकू फोन हातात धरूनच आत आल्या. फोनवर त्यांचा मुलगा होता, जर्मनीहून. सहा दिवसांपूर्वी त्याला मुलगी झाली होती. सूनबाईंचं डोकं दोन दिवसांपासून दुखत होतं, गोळी घेऊनही थांबत नव्हतं. "कानाला बांधलं नाही, वारं लागलं असेल," काकू म्हणाल्या. मी मुलाला एवढंच विचारलं, "तिला डोळ्यांपुढे काही चमकल्यासारखं दिसतंय का?" तो म्हणाला, "हो, सकाळपासून."

मी त्याला फोन ठेवायला आणि लगेच ११२ लावायला सांगितलं. रुग्णालयात तिचं ब्लडप्रेशर १७० वर ११० निघालं. तिला प्रीएक्लॅम्पसिया होता. गरोदरपणात होणारा हा रक्तदाबाचा आजार बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो आणि उपचार लांबले तर झटके येऊ शकतात. वेळेवर पोहोचल्याने ती बरी झाली. पण तो मुलगा नंतर जे म्हणाला ते मला विसरता येत नाही: "डॉक्टर, मला वाटलं आई सांगेल तसं करायचं. इथे बघणारा मीच एकटा आहे, हे लक्षातच आलं नव्हतं."

नगर, संगमनेर, श्रीरामपूर, लोणी, राहुरी या भागातून शिकून आखातात, युरोपात, अमेरिकेत गेलेली मुलं आता घरोघरी आहेत. त्यांची बाळंतपणंही तिकडेच होतात. इथे आई, सासू, मावशी, शेजारीण मिळून जे काम करतात, ते तिथे नवऱ्याच्या एकट्याच्या अंगावर येतं. हा लेख त्या नवऱ्यासाठी आहे, आणि इथे फोनची वाट बघत बसलेल्या आजी-आजोबांसाठीही.

बाळंतपण तिथे करावं की माहेरी यावं?

हा पहिला प्रश्न. दोन्ही पर्याय योग्य असू शकतात. मात्र निर्णय पाचव्या महिन्याच्या आत घ्या.

माहेरी यायचं असेल तर प्रवास साधारण १४ ते २८ आठवड्यांदरम्यान करणं सर्वांत सोयीचं. २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि एकच बाळ असेल तरी ३६ आठवड्यांनंतर सहसा बसू देत नाहीत. जुळी असतील तर ही मर्यादा आणखी अलीकडे येते. तिकीट काढण्यापूर्वी त्या कंपनीचा नियम वाचा. लांबच्या प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात वाढतो. म्हणून भरपूर पाणी, दर तास-दीड तासाने चार पावलं चालणं आणि डॉक्टरांनी सांगितल्यास दाब देणारे मोजे घालणं आवश्यक आहे.

पुढील गोष्टी असतील तर प्रवास करण्याआधी डॉक्टरांशी स्पष्ट बोला: रक्तस्राव, वार खाली असणं, वाढलेला रक्तदाब, आधीची वेळेपूर्वीची प्रसूती.

माहेरी येण्याची एक बाजू सहसा कोणी बोलत नाही. बाबा तिकडे आणि आई-बाळ इकडे, असे चार-सहा महिने जातात. बाळाचा जन्म नोंदवणं (आपल्याकडे २१ दिवसांच्या आत), पासपोर्ट, तिकडचा व्हिसा यात वेळ जातो. बाळाला पहिल्यांदा हातात घेताना ते चार महिन्यांचं झालेलं असतं. काही जणांना हे चालतं, काहींना फार जड जातं. पैशांचा हिशोब करताना हाही हिशोब करा.

तिथली तपासणी आपल्यासारखी नसते

"इथे डॉक्टर दर महिन्याला सोनोग्राफीच करत नाहीत, लक्ष देत नाहीत," अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. जर्मनीत नेहमीच्या तपासणीत संपूर्ण गरोदरपणात तीनच सोनोग्राफी ठरलेल्या असतात. सगळं नीट असेल तर तेवढ्या पुरतात. सोनोग्राफीची संख्या म्हणजे काळजीचं माप नव्हे.

आणखी एक फरक म्हणजे सुईण. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांत प्रशिक्षित सुईण बरीचशी तपासणी आणि सरळ प्रसूती स्वतः करते. डॉक्टर गुंतागुंत झाल्यावर येतात. जर्मनीत तर ती बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाचं वजन, नाळ, आईचे टाके आणि दूध पाजणं बघते, आणि त्याचा खर्च सरकारी आरोग्य विम्यातून होतो. आपल्याकडच्या लोकांना हे कमी दर्जाचं वाटतं. पण आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच करून दाखवलं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी गरोदर आणि बाळंतिणींची घरोघरी काळजी घेतली. त्या कामासाठी त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी येणारी सुईण मिळत असेल तर तिचं नाव गरोदरपण कळल्या कळल्याच नोंदवा, कारण मोठ्या शहरांत त्या लवकर भरून जातात.

या गोष्टी तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा. त्यांना अंदाज नसू शकतो:

- नात्यातलं लग्न. मामाची किंवा आत्याची मुलगी केली असेल तर लाजू नका, सांगा. काही आनुवंशिक तपासण्या त्यावर ठरतात.
- घरातला मधुमेह. भारतीय वंशाच्या स्त्रियांना गरोदरपणातील मधुमेहाचा धोका जास्त असतो. साखरेची तपासणी बऱ्याच देशांत २४ ते २८ आठवड्यांत होते. ती टाळू नका.
- थॅलेसेमिया आणि सिकलसेल. आई वाहक निघाली तर बाबाचीही रक्त तपासणी सांगतात. इथे तुमचं कामच आहे, सुट्टी काढून जा.
- शाकाहार. बी-१२ आणि लोह कमी असण्याची शक्यता असते. थंड देशात ड जीवनसत्त्वही. तपासून घ्या. लोहाची गोळी चहासोबत देऊ नका.
- रक्तगट. आई आरएच निगेटिव्ह आणि बाबा पॉझिटिव्ह असेल तर साधारण २८ आठवड्यांना आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं. तुमचा रक्तगट तुम्हाला माहीत हवा.

गावाकडून आलेल्या काढ्याच्या आणि भस्माच्या पुड्या गरोदरपणात देऊ नका. काहींमध्ये शिसं आणि पारा आढळतो. पपईची भीती आपण फार बाळगतो. त्यापेक्षा तिकडे न तापवलेल्या दुधाचं मऊ चीज, कच्चं अंडं आणि कच्चं मांस यांपासून जपा.

मुलगा की मुलगी?

बऱ्याच देशांत डॉक्टर हे सहज सांगतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगणं गुन्हा आहे, आणि तो कायदा का आला हे नगरकरांना सांगायला नको. तिकडचा रिपोर्ट मला पाठवून "एकदा बघून सांगा" म्हणू नका. मी सांगणार नाही. घरातून दबाव येण्याची शक्यता वाटत असेल तर पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगा, "आम्हाला कळवू नका." पत्नीच्या मनावरचं मोठं ओझं उतरतं.

प्रसूतीच्या खोलीत तुम्ही

इथे बाबा बाहेर बाकावर बसतो. तिथे तुम्हाला आत बोलावतात. घाबरू नका, तुमच्याकडून वैद्यकीय काम अपेक्षित नसतं. पाठ चोळणं, पाणी देणं, श्वासाकडे लक्ष वेधणं आणि तिचं म्हणणं पोहोचवणं एवढंच असतं. कळांमध्ये माणूस दुसरी भाषा विसरतो. ती मराठीत ओरडेल, तुम्ही ते नर्सला समजावायचं. "इथे दुखतंय", "चक्कर येतेय", "लघवीला जायचंय", "श्वास घेता येत नाही" अशी दहा-बारा वाक्यं स्थानिक भाषेत कागदावर लिहून ठेवा. दुभाषी मिळतो का, तेही आधी विचारा. ब्रिटनसारख्या देशात तो मोफत मिळतो.

चक्कर आली तर खाली बसा. रक्त बघून बसणारे बाबा मी बरेच पाहिले आहेत, त्यात कमीपणा नाही.

गाडीने घरी जायचं असेल तर बाळाची खास सीट आधीच घेऊन बसवून ठेवा. बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय बाळाला गाडीतून नेऊ देत नाहीत. मांडीवर घेऊन बसणं तिथे चालत नाही आणि सुरक्षितही नाही.

निळसर डाग: नोंद करून घ्या

आपल्या अनेक बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळे-करडे डाग असतात. ते निरुपद्रवी असतात आणि काही वर्षांत फिके होतात. पण गोऱ्या लोकांच्या देशात एखाद्या नव्या नर्सला किंवा पाळणाघरातल्या बाईंना तो माराचा वळ वाटू शकतो आणि नाहक चौकशी मागे लागते. म्हणून घरी जाण्यापूर्वीच डॉक्टरांना तो डाग दाखवा आणि बाळाच्या कागदांत लिहून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

आजीचं बाळंतपण: काय ठेवायचं, काय सोडायचं?

आपल्या बाळंतपणाच्या रीतींत खूप शहाणपण आहे. सव्वा महिना विश्रांती, तेल मालिश, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, हे सगळं ठेवा. मधुमेह असेल तर लाडवांचा गूळ-तूप मोजून द्या. पाचवी आणि बारसं जरूर करा, घरात आनंद हवाच.

या गोष्टी मात्र सोडा:

- शेक-शेगडी आणि धुरी. थंड देशात खिडक्या घट्ट बंद असतात. बंद खोलीत कोळसा जाळला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि आई-बाळ दोघेही झोपेतच दगावू शकतात. शेक हवाच तर गरम पाण्याची पिशवी वापरा, तीही आईला, बाळाला नाही.
- मध आणि गुटी. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी, साखरपाणी, वरचं पाणी नको. सहा महिने फक्त आईचं दूध.
- काजळ. त्यात शिसं असू शकतं. दृष्ट काढायची तर मीठ-मोहऱ्या ओवाळा.
- राईची उशी, गळ्यातला काळा दोरा. श्वास कोंडू शकतो. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी आणि जड पांघरूण न घेता झोपवा. ते तुमच्याच खोलीत असावं, पण वेगळ्या पाळण्यात.

आई तिथे येणार असेल तर व्हिसाचे दिवस मोजून तिकीट काढा. युरोपातल्या शेंगेन देशांत भेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं. दोन महिने आधी बोलावलं तर खरी गरज असते तेव्हाच तिला परतावं लागतं. एक आजी जाऊन दुसरी आजी येणं हा बऱ्याच घरांना सोयीचा मार्ग ठरतो.

आजी-आजोबांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडे या: बीपी-साखरेची पूर्ण मुक्कामाची औषधं, त्यांच्या मूळ नावांसह चिठ्ठी आणि प्रवासाचा आरोग्य विमा हवा. दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला असेल तर टीबीची तपासणी करूनच बाळाजवळ जा. डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घेता आली तर उत्तम. संयुक्त अरब अमिरातीत जाणाऱ्यांनी कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं परवानगीशिवाय नेऊ नयेत. तिथे ती नियंत्रित औषधं आहेत.

पहिले सहा आठवडे: या खुणा ओळखा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर आधी तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. आम्हाला नंतर.

आईसाठी:
- तासाभरात एक पूर्ण पॅड भिजेल एवढा रक्तस्राव किंवा मोठ्या गुठळ्या
- न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, पोटात वरच्या बाजूला दुखणं, रक्तदाब १४०/९० किंवा जास्त
- ताप, थंडी, दुर्गंधीयुक्त स्राव
- एकाच पायाला सूज व दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं
- स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास होणं, रात्रंदिवस झोप न येणं

बाळासाठी:
- तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप
- दूध न ओढणं, सुस्त पडून राहणं
- पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी
- श्वास जोरात होणं, ओठ निळे पडणं
- पहिल्या २४ तासांतच आलेली किंवा तळपायांपर्यंत पोहोचलेली कावीळ

सावळ्या बाळाची कावीळ ओळखणं अवघड असतं. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या उजेडात बघा. कोवळं ऊन दाखवणं हा काविळीचा उपचार नाही.

क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा: युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८. तातडीचं नसेल पण रात्री सल्ला हवा असेल तर जर्मनीत ११६११७ आणि ब्रिटनमध्ये १११. घरात एक डिजिटल बीपी मशीन आणि थर्मामीटर ठेवा.

लसी: दोन देशांचं वेळापत्रक

आपल्याकडे जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी देतात. जर्मनी आणि अमेरिकेत बीसीजी सर्वांना देत नाहीत. ब्रिटनमध्ये आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले असतील तर ती देतात, तुम्ही विचारायला हवं. बाळाला घेऊन नगरला येणार असाल तर दोन महिने आधी तिथल्या डॉक्टरांशी बीसीजीबद्दल बोला. गोवराची लस तिकडे बहुधा वर्षभराच्या आसपास देतात, आपल्याकडे नऊ महिन्यांना. भारतात येणाऱ्या बाळाला ती सहा महिन्यांनंतर लवकर देता येते. लसीचं पुस्तक इंग्रजीत मागून घ्या आणि प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवा.

कागदपत्रं

बाळ परदेशात जन्मलं की ते आपोआप तिथलं नागरिक होतंच असं नाही. आखाती देशांत परदेशी पालकांच्या बाळाला जन्मावरून नागरिकत्व मिळत नाही. जर्मनीत ते पालकांच्या वास्तव्याच्या वर्षांवर आणि परवान्यावर अवलंबून असतं. बाळाला भारतीय ठेवायचं असेल तर एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्म नोंदवा आणि पासपोर्ट काढा. विवाह प्रमाणपत्र आधीच प्रमाणित करून, भाषांतर करून ठेवा. नवजात बाळ विम्यात पहिल्या दिवसापासून आहे का आणि बाळंतपणासाठी किती महिन्यांची प्रतीक्षा आहे, हे लेखी विचारा. बाबाच्या सुट्टीचाही अर्ज वेळेत करा. बऱ्याच देशांत ती तुमचा हक्क आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

आणि तुम्ही स्वतः?

बाळंतिणीच्या उदासीबद्दल आता थोडं बोललं जातं. पण साधारण दहापैकी एका बाबालाही या काळात नैराश्य येतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलं आहे. पुरुष रडून सांगत नाही. तो चिडतो, ऑफिसात जास्त वेळ बसतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो, कधी दारूचं प्रमाण वाढवतो. परदेशात यात भर पडते ती अपुऱ्या झोपेची, नोकरी गेली तर व्हिसा जाण्याच्या भीतीची, आणि घरच्यांना "सगळं मस्त चाललंय" सांगण्याच्या सवयीची.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन लागत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तिथल्या फॅमिली डॉक्टरांना भेटा. हा आजार आहे आणि तो बरा होतो.

काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. रात्र वाटून घ्या: एकाने सलग चार-पाच तास झोपायचं, दुसऱ्याने बाळ बघायचं. बाळ रडून रडून डोकं फिरायला लागलं तर त्याला पाळण्यात पाठीवर सुरक्षित ठेवा आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन उभे राहा. रडणारं बाळ हलवू नका, जोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. बहुतेक मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळ असतं. गणपतीलाच कशाला, आता फोन करा आणि आठवड्याचे दोन डबे मागा. मराठी माणसाला बाळंतिणीचा डबा द्यायला आवडतो.

इथल्या आई-वडिलांना एक विनंती

रोज व्हिडिओ कॉल करा, पण फक्त बाळ दाखवायला सांगू नका. "सून जेवली का, तू झोपलास का?" हे विचारा. सल्ला देण्याआधी "तिथल्या डॉक्टर काय म्हणाल्या?" हे विचारा. त्या काकू आता इतरांना हेच सांगतात. त्यांची नात यंदा पहिल्यांदा नगरला आली होती. बीसीजी तिकडूनच घेऊन आली होती, कमरेवरचा निळा डाग बराच फिका झाला होता, आणि तिच्या बाबाने माझ्या टेबलावर लसीचं पुस्तक सर्वांत आधी ठेवलं.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक गरोदर स्त्रीची परिस्थिती वेगळी असते. उपचार आणि औषधांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. व्हिसा, विमा आणि नागरिकत्वाचे नियम बदलतात, ते संबंधित कार्यालयातून तपासून घ्या.*